उभे राहा, जावईबापू

बायकोची आठवण माणसाला नेमकी कुठे येते, यावर मतं वेगवेगळी आहेत. कुणी छातीवर हात ठेवतं, कुणाचा घसा दाटतो, डोळे तर सगळ्यांचेच. टेलरला ती उजव्या पायात यायची.

त्याला कारण होतं. टेलरचं मशीन पायाचं. मोटर बसवून घ्या म्हणून शेजारचा इस्त्रीवाला रोज सांगे, पण टेलरचं म्हणणं, मोटर लावली की पाय रिकामे, आणि पाय रिकामे की डोक्यात नसते विचार. झालं उलटंच. बायको डोंगरावर गेल्यापासून तो दिवसभर पायडल मारत तिचाच विचार करत होता, आणि तो विचार भिंतीतल्या ओलीसारखा झिरपत झिरपत खाली पायात उतरला. आता तिची आठवण आली की समोर मशीन असो नसो, उजवा पाय टाच-चवडा, टाच-चवडा करायला लागायचा. बँकेच्या रांगेत लोकांना वाटे, याला भलतीच घाई आहे, आणि ते त्याला पुढे सोडत. दातांच्या डॉक्टरने तोंडात डोकवायच्या आधीच 'घाबरू नका' म्हणून खांद्यावर थोपटलं. टेलर घाबरलेला नव्हता. त्याला फक्त बायको हवी होती.

बायको वारा मोजायची. अशी नोकरी असते, पगारही मिळतो. डोंगरमाथ्यावर हवामान खात्याचं केंद्र होतं: दोन खोल्या, एक उंच खांब आणि खांबाच्या टोकावर गरगरणाऱ्या वाट्या. वारा किती जोराचा, कुठून आला, कुठे चालला, हे ती आणि तिची एक सोबतीण आळीपाळीने बघून खाली कळवायच्या. खाली वारा आला की लोकांना कळतच असे, पण खात्याचा लोकांवर विश्वास नव्हता.

ती गेली तेव्हा वर जीप जायची. मग शेजारच्या ओढ्याला तो रस्ता आवडला आणि एका पुरात तो रस्त्यावरूनच वाहत गेला. मागे उरलं ते रस्त्याच्या पोटातलं. म्हशीच्या पाठीएवढे खडक, डोक्याएवढे गोटे आणि मधे सुटी खडी. सामान दोरीवरच्या पाळण्यातून वर जायचं. पाळण्यात बसायची माणसांना परवानगी नव्हती, बटाट्यांना होती. चालत जावं तर पायथ्याच्या फाटकावर पाटी: 'वर जाणाऱ्या पादचाऱ्यांना सक्त मनाई'. एका पादचाऱ्याचा पाय मोडल्यावर ती लावली होती. गाड्यांबद्दल पाटीत अवाक्षर नव्हतं. इथून कुणी गाडी घालेल हे पाटी लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

उरला फोन. वर एका विशिष्ट खडकावर उभं राहिलं तरच रेंज यायची. फोनमध्ये आधी वारा यायचा, मग बायको, मग पुन्हा वारा.

"मास्तर, ऐक," ती म्हणाली. नवऱ्याला ती मास्तर म्हणायची, लग्नाआधी ब्लाउज शिवायला टाकला तेव्हापासून. "रविवारी माझी मुदत संपतेय. खातं म्हणतंय, अजून एक वर्ष राहा. हो की नाही ते रविवारीच सांगायचंय."

"बरं."

"बरं काय बरं? तुझं म्हणणं काय?"

"तू म्हणशील तसं. होईल सगळं."

"हे बघ! हे तुझं 'होईल' मला चांगलं माहितीय. गिऱ्हाइकाला सांगतोस ना, 'गुरुवारपर्यंत होईल', त्यातलंच हे. कुठला गुरुवार ते तुलाही माहीत नसतं." मधली दोन वाक्यं वाऱ्याने नेली. "...तोंड बघून विचारायचंय मला. फोनवर तू नवरा नसतोस, टेलर असतोस. वर ये."

"कसा येऊ?"

उत्तर आलं, पण ते वाऱ्याचं होतं.

घरी सासूबाई नखं कापत बसल्या होत्या. मुलगी डोंगरावर गेल्यापासून त्या इथेच राहत होत्या, म्हणजे त्या आधीपासूनच राहत होत्या, पण आता ते जाणवायचं. टेलरने सगळं सांगितलं.

"मोटारसायकल येते चालवता?"

"स्कूटर येते. बाजारापर्यंत."

"म्हणजे नाही येत," सासूबाई म्हणाल्या, आणि मागच्या खोलीत जाऊन त्यांनी एक चादर ओढली. लग्न झाल्यापासून टेलरला त्या चादरीखाली आडवं पडलेलं कपाट आहे असं वाटत होतं. कपाटाला दोन चाकं निघाली.

लग्नाआधी सासूबाई खडकांतून मोटारसायकलवर खाणीला पहारी आणि छिन्न्या पोचवायच्या.

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई!"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. जावई सासूला विचारून विचारून काय विचारतो? टॉवेल कुठे आहे."

"मग तुम्हीच का नाही जात? मला उगाच—"

सासूबाईंनी साडी जरा वर करून गुडघे दाखवले. दोन्ही गुडघे भिजलेल्या पावासारखे फुगले होते. "हे धड असते," त्या म्हणाल्या, "तर तुमच्या तोंडाकडे बघत बसले असते होय मी इथे?"

सासूबाई जावयाला कायम अहो-जाहो करायच्या. शिव्याही अहो-जाहोतच द्यायच्या. 'तुम्ही गाढव आहात, जावईबापू' हे वाक्य त्या इतक्या अदबीने म्हणत की टेलरच्या तोंडून आधी 'हो' निघून जाई.

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिथे घडीची खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून सासूबाई बसल्या. टेलरने गाडी सुरू केली आणि तो पहिल्या खडकांच्या रांगेकडे निघाला.

"उभे राहा!" सासूबाई ओरडल्या.

टेलरने ब्रेक दाबला. गाडी थांबली. त्याने मागे बघितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेव्हा तो पुन्हा निघाला.

"उभे राहा म्हणते ना!"

तो पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तर तो आज्ञाधारकपणे गाडी स्टँडला लावून खाली उतरला.

"मी काय म्हटलं?"

"उभे राहा."

"मग?"

"राहिलो की!"

"अहो, गाडी नाही! तुम्ही! गाडी चालू द्या आणि तुम्ही उभे राहा."

टेलरने विचार केला. "म्हणजे मी इथे थांबू आणि गाडी पुढे सोडून देऊ?"

सासूबाईंनी छत्री मिटली. "या भाषेत काही अर्थ नाही," त्या म्हणाल्या. मग लंगडत उठल्या, जावयाला गाडीवर बसवलं, त्याचे बूट हाताने धरून फूटरेस्टवर ठेवले आणि कंबरेला धरून त्याला सीटवरून वर उचललं. हे दुरून बघणाऱ्या एका गुराख्याने तोंड फिरवलं.

"असे. बसून खडकावर गेलात तर खडक आधी ढुंगणाशी बोलतो. ढुंगण मणक्याला सांगतं, मणका डोक्याला. डोक्याला कळेपर्यंत तुम्ही आडवे. उभे राहिलात की गुडघे मधल्या मधे मिटवून टाकतात, वर तक्रारच येत नाही. गुडघे ताठ नकोत, जरा दुमडलेले. टाकी गुडघ्यांनी आवळायची, हात सैल. हँडल पकडायचं नसतं, त्याच्याशी नुसती ओळख ठेवायची. डावीकडे वळायचंय? डाव्या पायावर वजन द्या, गाडी समजते. आणि काय वाटेल ते झालं तरी पाय खाली सोडायचा नाही. खडकात पाय सोडला की खडक तो ठेवून घेतो."

टेलर उभा राहिला. गाडी चालली. दुमडलेल्या गुडघ्यांखाली खडक आले आणि गेले, आणि त्याला वाटलं, अरे, हे तर जमतंय, आता रविवारी आपण वर जाऊ, ती दारात असेल—

गाडीने उचकी दिली. मग आणखी एक. उजवा पाय सुटला होता, टाच-चवडा, टाच-चवडा, आणि चवड्याखाली मागचा ब्रेक होता. गाडी चार वेळा मान हलवून त्याच्यासकट आडवी झाली.

सासूबाई शांतपणे आल्या. "कुणाचा विचार करत होतात?"

टेलर लाजला.

"जिचा करत होतात, तिचा करायचा नाही. तिच्याकडे पोचायचंय ना? मग तिला विसरा."

हे सोपं नव्हतं. टेलरने पाढे म्हणून बघितले, पण बारा चोकच्या पुढे बायको यायची. बटणांचे प्रकार आठवले. तिच्या निळ्या कोटाला तीन प्रकारची होती. शेवटी कंटाळून सासूबाई म्हणाल्या, "माझा करा मग."

टेलरने डोळ्यांसमोर सासूबाई आणल्या. पाय जागच्या जागी थिजला. बर्फाच्या कारखान्यातसुद्धा एवढा स्थिर पाय मिळाला नसता.

पुढचे सगळे दिवस दुकानातही सराव चालला. मशीनच्या बाजूला दोन विटा मांडल्या, मधे पाण्याचं पिंप. गिऱ्हाईक आलं की टेलर विटांवर चवडे टेकवून, पिंप गुडघ्यांत आवळून, जरासा वाकून माप घ्यायचा.

"मास्तर, उंची वाढली की काय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"हात वर करा."

"आणि हे पिंप?"

"ते सासूबाईंचं आहे." यावर कुणी पुढे विचारत नसे.

त्या आठवड्यात शिवलेल्या सगळ्या पँटी गुडघ्यात सैल निघाल्या. टेलरला आता जगातल्या प्रत्येक गुडघ्याला दुमडायला जागा हवी असं वाटत होतं. बेकरीवाला, इस्त्रीवाला आणि शाळेचे दोन मास्तर बरेच दिवस कुणाच्या तरी पाया पडायला निघाल्यासारखे दिसत होते.

रविवारी सकाळी तो फाटकाशी पोचला. फाटकवाला स्टुलावर बसून रेडिओची बॅटरी चाटून बघत होता.

"पादचारी आहात?"

"नाही. गाडी आहे."

फाटकवाल्याने पाटी पुन्हा एकदा पूर्ण वाचली. "मग पाटी काही म्हणत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी पाटीचा माणूस. पण एक सांगून ठेवतो. मधे उतरून ढकलायला लागलात तर तुम्हाला पादचारी धरीन. दुर्बीण आहे माझ्याकडे."

टेलर उभा राहिला, गुडघ्यांनी टाकी धरली, आणि सासूबाईंचा विचार सुरू केला.

त्यांचा चष्मा आठवला, त्यांची खोकल्याआधीची खाकर आठवली, ओला टॉवेल खुर्चीवर दिसला की येणारं 'अहो, जावईबापू' आठवलं. पाय दगडासारखा. खालचे गोटे पुढच्या चाकाखालून बाजूला उडत होते, गाडी डावी-उजवीकडे अंग टाकत होती, आणि कंबरेच्या वरचा टेलर बसमध्ये उभ्या माणसाइतका निवांत होता. हिशेब सगळा खाली, घोट्यांत आणि गुडघ्यांत चालला होता. डाव्या पायावर वजन दिलं की गाडी डाव्या चिरेत शिरे. उजव्यावर दिलं की बाहेर येई. म्हशीच्या पाठीएवढा पहिला खडक आला. त्याने गुडघे आणखी दुमडले, जरा रेस दिली, आणि चाक वर चढताना गाडीला छातीपर्यंत येऊ दिलं. गाडी आली, गेली. खाली फाटकवाल्याने दुर्बीण दुसऱ्या डोळ्याला लावली.

मग सरळसोट कातळ लागला, ओलसर, चढाचा. इथे आणखी सासूबाई हव्या होत्या. टेलरने संध्याकाळच्या सासूबाई आणल्या, ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या. हवेला बसते म्हणतात. पण हवा तर मागच्या दारी येते. ओट्यावरून काय दिसतं? ओट्यावरून हा डोंगर दिसतो. आणि जोराचा वारा सुटला, पडदे उडायला लागले, की सगळं घर खिडक्या लावायला धावतं तेव्हा सासूबाई जागच्या हलत नाहीत. स्वतःशीच म्हणतात, "मोजत असेल आता."

हे त्याने कितीदा ऐकलं होतं. ऐकू पहिल्यांदा आलं, तेही कातळाच्या मधोमध.

उजवा पाय टाच-चवडा करायला लागला. सासूबाईंच्या विचाराने! गाडीने उचकी दिली, मागचं चाक घसरून आडवं निघालं, आणि डावा पाय आपण होऊन फूटरेस्टवरून सुटला. खाली चीर होती, बुटाच्याच मापाची. टेलरने तो पाय हवेतून परत आणला. बाकी काही सुचेना म्हणून त्याने गुडघ्यांनी टाकी आवळली, इतकी की मांडीतून कळ निघाली, उजवी टाच फूटरेस्टवर रुतवून चवडा वर धरला आणि रेस सोडली नाही. गाडी क्षणभर विचार करत थांबल्यासारखी झाली. मग रुसलेल्या माणसाने जेवायला उठावं तशी कुरकुरत वर चढली.

माथ्यावर सपाट खडी होती. खांब दिसला, वाट्या फिरताना दिसल्या, आणि खांबाखाली निळा कोट. मग पायाला आवरणं माणसाच्या हातात नव्हतं. गाडी पावलोपावली वाकून नमस्कार करत पुढे निघाली.

"ब्रेक नको दाबूस!" बायको ओरडली.

"मी नाही दाबत!"

"मग कोण दाबतंय?"

"तूच!"

तिने पळत येऊन हँडल धरलं. टेलर उतरला. दोघं समोरासमोर उभी राहिली आणि इतके महिने जमवून ठेवलेलं सगळं बोलणं नेमकं कुणी आणलंच नव्हतं.

"खांदे वाढलेत तुझे," टेलर म्हणाला. "अर्धा इंच."

"इतक्या महिन्यांनी भेटतोस आणि खांदे?"

"जे दिसलं ते बोललो."

"पाळण्याची दोरी ओढून," ती म्हणाली. "बटाटे काय स्वतः चढतात?" मग ती हसली, आणि हसता हसता तिने त्याच्या बाहीला नाक पुसलं.

तिची सोबतीण शहाणी होती. ती चहा ठेवून वाट्यांना तेल घालायला खांबावर चढली आणि बराच वेळ उतरली नाही.

"आता सांग," बायको म्हणाली. "तोंड बघून विचारते. राहू का अजून वर्षभर?"

येताना यावर विचार करायचं ठरलं होतं, पण सगळी वाट सासूबाईंवर खर्च झाली होती. त्यामुळे जे होतं तेच बाहेर आलं.

"नको."

तिने चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"नको राहूस. घर फार मोठं झालंय. दोन खोल्या एवढ्या मोठ्या असतात हे मला माहीत नव्हतं. मी आणि आई जेवायला बसतो ते मधे तुझ्या ताटाएवढी जागा सोडून. त्या म्हणतात, जरा हवा खेळती राहते. मीही हो म्हणतो. मला नाही जमत. होईल म्हणालो होतो. नाही होत."

वाट्या फिरत होत्या. बायकोने सवयीने एकदा वर बघितलं, वारा किती ते मनात टिपलं, आणि मग खाली बघितलं.

"अख्ख्या संसारात पहिल्यांदा नको म्हणालास तू मला."

"मग चल. आवर पटकन."

"मला राहायचंय, मास्तर."

टेलरने चहाचा कप खाली ठेवला.

"ऐक ना. मला हे काम येतं. इथे येईपर्यंत मला काही येतं हेच माहीत नव्हतं. पण तू फोनवर 'होईल, होईल' करायचास ना, तेव्हा वाटायचं, तिकडे माझ्यावाचून सगळं छान चाललंय. मग राहिले काय आणि आले काय. वाट बघणारं कुणी नसलं ना, की इथे राहणं म्हणजे नुसतं पडून राहणं. असलं, तरच ती नोकरी. आता राहता येईल मला."

"म्हणजे नको म्हटलं म्हणून राहतेस. आणि राहा म्हटलं असतं तर?"

"तर आले असते. रागाने."

"मग आता म्हणतो. राहा!"

"उशीर झाला."

टेलरला हे अजिबात आवडलं नाही. पण उभ्या आयुष्यात त्याने जेवढ्या शिवणी बघितल्या त्यांत ही पक्की होती. उसवायला कुठे टोकच सापडेना. त्याने इंची टेप काढून तिच्या खांद्यांचं माप घेतलं, नवा कोट लागणारच होता. माप घ्यायला नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ लागला. तिनेही घाई केली नाही.

ऊन कलायला लागलं तशी ती खात्याला 'हो' कळवायला आत गेली, आणि टेलर गाडीपाशी आला. कडेवरून त्याने खाली बघितलं. येताना जे सगळं वर होतं ते आता खाली होतं. तो फोनच्या खडकावर चढला आणि त्याने घरी फोन लावला.

"आई, उतरायचं कसं? ते शिकवायचं राहिलं."

 वाऱ्यात ऐकू यावं म्हणून त्याने फोन कानाला आणखी दाबला.

"राहिलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "उतरताना ती चालवेल असं धरलं होतं मी, तिला शिकवलीय लहानपणी. तुम्ही आला असता मागून चालत. पाटी वर जाणाऱ्यांना आहे, उतरणाऱ्यांना नाही." मग विचारलं, "येत नाही का ती?"

"वर्षभर नाही."

"बरी आहे?"

"खांदे वाढलेत."

"माझ्यावर गेली." खोकल्याआधीची खाकर आली, पण खोकला आला नाही. "नको म्हणालात ना तिला?"

"म्हणालो."

"माझ्या वाटचंही?"

"एकदाच म्हणालो. पण दोघांचं मिळून."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाणीतला झाला. "नीट ऐका. उतरतानाही उभेच, पण ढुंगण मागे. पार मागे, सीटच्याही मागे जाऊ दे. हात लांब झाले तरी चालतील. पहिला गिअर, आणि क्लचला बोट लावायचं नाही, इंजिन गाडीला धरून ठेवतं. गाडी तुम्हाला खाली ओढणार. ओढू दे. आपलं वजन वरच्या बाजूला ठेवायचं. आणि मागे वळून बघायचं नाही."

"एकदाही?"

"बघा. पण आधी गाडी थांबवा."

त्याने बघून घेतलं. निळा कोट दारात आला होता. हात वर केलेला, हलवत नव्हती, वारा किती आहे ते बघत असल्यासारखा नुसता धरलेला. टेलरने पहिला गिअर टाकला, पुढचं चाक कडेवरून खाली सोडलं आणि अंग जेवढं मागे ठेवता येईल तेवढं मागे ठेवलं. गाडी उतरायला लागली. तो अजून बराच वेळ वरच होता.